चोवीस तास चालणारी विहीर

बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या भूशास्त्र विषयात ‘विहिरीच्या उपसा चाचणीचे विश्लेषण’ नावाचा एक प्रयोग आहे. त्याला दहा गुण आहेत. त्यांतले चार प्रयोगवहीच्या नीटनेटकेपणाला, तीन हजेरीला, दोन तोंडी परीक्षेला आणि उरलेला एक पाण्याला.

धाराशिवच्या आमच्या महाविद्यालयात हा प्रयोग एकतीस वर्षं प्रा. हिंमतराव शिकवत होते. ते माझे वडील, अण्णा. नऊ मार्चला ते वारले. विद्यापीठाच्या वेळापत्रकानुसार तेव्हा त्यांचे सहा तास शिल्लक होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा फोन आला. त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं आणि मग अडचण.

“शिवप्रिया, तुझंही एम.एस्सी. भूशास्त्रातच झालंय. सरांचे तास बुडाले तर मुलांचं नुकसान होईल. शिवाय हजेरीपत्रकात तेवढाच भाग पांढरा दिसतो.”

अशा रीतीनं माझी तासिका तत्त्वावर नेमणूक झाली. या तत्त्वानुसार माणूस ठरलेल्या तासापुरता शिक्षक असतो. घंटा झाली की त्यानं पुन्हा नागरिक व्हायचं असतं.

उपसा चाचणी समजायला सोपी आहे. विहिरीवर पंप लावायचा, सारखं पाणी उपसायचं आणि ठरावीक मिनिटांनी पातळी किती खाली गेली ते मोजायचं. मग ते आकडे आलेखावर मांडायचे आणि पुस्तकातल्या आदर्श वक्राशी जुळवायचे. त्यासाठी पारदर्शक कागदावरची एक रेषा दुसऱ्या रेषेवर ठेवून, मागंपुढं सरकवत, दोन्ही एकमेकींवर बसवाव्या लागतात. मुलं याला पत्रिका जुळवणं म्हणतात. अण्णांना ते आवडत असे. फक्त ते सांगत, जुळली नाही तर विहिरीला मंगळ आहे असं म्हणायचं नाही, परत जाऊन मोजायचं.

यंदाची चाचणी अण्णांनी फेब्रुवारीत घेतली होती, सास्तूरच्या अलीकडे घोणसवाडीत. ही वाडी भूकंपानंतर नव्या जागी वसवली. एका मापाची घरं, सरळ रस्ते, मध्ये मोकळं मैदान. जागा निवडणाऱ्यांनी सगळं पाहिलं होतं, पाणी सोडून. वाडीला एक सरकारी विहीर आहे, आणि ती पुरत नाही म्हणून संक्रांतीपासून एक दिवसाआड टँकर.

त्या दिवशी सकाळी दहाला बिराप्पानं मोटार चालू केली. बिराप्पा हा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. सोडायला पाणी नसतं तेव्हा तो टँकरच्या रांगेतली भांडणं सोडवतो. विहिरीत दोन मीटर पाणी होतं. चाळीस मिनिटांत ते दीड मीटर खाली गेलं. चाळिसाव्या मिनिटाला लाईट गेली. पंप थांबला, आणि पंप थांबल्यावर पाणी खाली जायचंही थांबलं, यात आश्चर्य काही नव्हतं. मुलं दोन तास लाईटची वाट पाहत बसली. अण्णांनी शिस्त लावलेली असल्यामुळे बसल्या जागी ती दर दहा मिनिटांनी पातळी मोजत राहिली. लाईट आली नाही. कस्तुराबाईंनी, ज्यांचं घर विहिरीला लागून आहे, सगळ्यांना चहा दिला. चहा नुसत्या दुधाचा होता. घोणसवाडीत पाहुण्यांसाठी ते सोपं पडतं.

अण्णांच्या वहीत त्या दिवसाच्या तक्त्याला शेवटी एक रकाना आहे, शेऱ्याचा. चाळिसाव्या मिनिटासमोर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय, ‘लाईट गेली. पंप बंद. पुढचे आकडे उपशाचे नाहीत.’ त्यानंतर आठवड्यानं आम्ही त्यांना सोलापूरला दवाखान्यात नेलं.

त्याच सुमारास नव्या अभ्यासक्रमाच्या छापील प्रयोगवह्या आल्या. कागद चांगला होता, मुखपृष्ठावर कारंजं होतं. तक्त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. रुजू झाल्यावर विभागप्रमुख इंद्रजित सरांना मी त्याचं कारण विचारलं.

“शेरा आला की व्यक्तिनिष्ठता आली,” ते म्हणाले. “आता आपण डेटा घेतो. डेटा म्हणजे निव्वळ आकडे. आकड्याला मत नसतं.”

मुलांनी निव्वळ आकडे उतरवले. आलेखावर त्यांची एक देखणी रेषा तयार झाली. चाळीस मिनिटं खाली उतरणारी आणि मग एकदम आडवी. पंप चालू असताना रेषा अशी आडवी झाली तर शास्त्र त्याचा एकच अर्थ लावतं, की जमिनीखालून कुठून तरी भरपूर पाणी विहिरीला येऊन मिळतंय. पुस्तकात त्याला रिचार्ज बाउंडरी म्हणतात. पंप चालू होता की नाही हे आलेख विचारत नाही. सोळाच्या सोळा वह्यांत घोणसवाडीची रिचार्ज बाउंडरी सापडली. दोन मुलांनी तर ती किती मीटरवर आहे तेही काढलं होतं, आणि दोघांचं उत्तर सारखं होतं, कारण ते शेजारी बसत.

सगळ्यांत सुबक वही आरोहीची होती. तास संपल्यावर मी तिला थांबवलं.

“तू तिथं होतीस ना?”

“होते ना मॅडम. छत्री मीच धरली होती सरांवर.”

“लाईट गेली होती ना?”

“हो मॅडम. दोन तास.”

“मग हे खालून आलेलं पाणी कुठलं?”

तिनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. “मॅडम, लाईट सिलॅबसमध्ये नाहीये.”

वह्यांवर अण्णांची सही होती, तारीख चार मार्च. चार मार्चला अण्णा अतिदक्षता विभागात होते आणि त्यांना चमचाही धरता येत नव्हता. मी कार्यालयात जाऊन गोरोबाकाकांना विचारलं. गोरोबाकाका महाविद्यालयाचे सगळ्यांत जुने लिपिक. त्यांनी अण्णांना अंत्ययात्रेत खांदा दिला होता.

“ताई, सर न्हायती, पण सरांची सही हाय की. मागं मूल्यांकनाच्या टायमाला समद्यांच्या सह्या स्कॅन करून ठिवल्या व्हत्या. सिस्टीमला हाय.” त्यांनी माऊस हलवला आणि पडद्यावर अण्णांची सही आली. शेवटच्या ‘व’खालची रेघ त्यांनी नेहमीसारखी जरा लांब ओढली होती.

“ल्हान-मोठी बी करता येती,” गोरोबाकाका हळू आवाजात म्हणाले.

मी म्हटलं, आहे तेवढीच राहू द्या.

एवढ्यावर हे प्रकरण सोळा मुलांच्या दहा-दहा गुणांत संपलं असतं. पण आमच्या महाविद्यालयानं तालुक्याच्या कार्यालयाशी सामंजस्य करार केलेला आहे. विद्यार्थ्यांचं संशोधन समाजाच्या उपयोगी पडावं, असा त्या करारात एक परिच्छेद आहे. त्या परिच्छेदाखाली इंद्रजित सरांनी घोणसवाडीचा निष्कर्ष अण्णांच्या सहीनिशी शासनाच्या पोर्टलवर चढवला. पोर्टलवर जिल्ह्यांच्या यादीत आमचा जिल्हा दोनदा होता, जुन्या नावानं आणि नव्या नावानं. एका नावाखाली भरलं तर राहून जाईल, म्हणून त्यांनी दोन्हींखाली भरलं. इंद्रजित सर कामाला पक्के आहेत.

अण्णांचा फोन मी अजून बंद केला नव्हता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो वाजला.

“सर हायत का?”

“नाहीत. मी त्यांची मुलगी बोलतेय.”

“बाई, म्या घोणसवाडीहून कस्तुराबाई. सरला इचार, पोरं आनून आमच्या इहिरीत काय सोडलं म्हनावं? टँकर बंद केलाय आमचा. सायेब म्हंतो, तुमच्या इहिरीखाली नदी घावलीय. म्या रोज वाकून बघतीय, मला तर कासव बी दिसंना.”

मी त्यांना सांगितलं की सर मार्चमध्ये गेले.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

“अगं माय,” त्या म्हणाल्या. “आन् सायेब तर म्हंला, सरांनीच लिहून दिलंय.” मग थोड्या वेळानं, “बरं. मग आता कुणाला इचारायचं? तुला इचारू का?”

मी हो म्हटलं. त्या वेळी घंटा झालेली होती आणि मी फक्त नागरिक होते, हे नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांची वही आणि त्यांच्या मृत्यूचा दाखला घेऊन तालुक्याच्या ठिकाणी गेले. टंचाई पाहणारे साहेब सौम्य स्वभावाचे होते. त्यांच्या खोलीत भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता आणि टेबलावर गार पाण्याचा जार. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

“घोणसवाडी. ही बघा. दोन बारमाही स्रोत.”

“साहेब, विहीर एकच आहे. दोन नावांच्या जिल्ह्यांत भरली गेली.”

“ते नाव शासनानं बदललं. स्रोत आम्ही बदलू शकत नाही.”

मी वही उघडून शेऱ्याचा रकाना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. “अक्षर चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण हे हस्तलिखित झालं. पोर्टलवरच्या निष्कर्षाला हरकत घ्यायची असेल तर ज्याची सही, त्यानंच घ्यावी लागते.”

“सही माझ्या वडलांची आहे. ते वारले.”

“वाईट झालं.” त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. “मग हरकतीसोबत त्यांचा हयातीचा दाखला जोडा.”

“वारलेल्या माणसाचा हयातीचा दाखला?”

“नसेल तर ते हयात नाहीत असं गृहीत धरलं जाईल.”

“ते हयात नाहीतच.”

“मग तसं त्यांच्या सहीनिशी कळवा.”

मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचला, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी परत दिला. “हा या योजनेत चालत नाही. पण तुम्ही हिंमतराव सरांच्या कन्या आहात म्हणून एक मार्ग सांगतो. फेरचाचणी मागा. त्याला सही लागत नाही, फक्त विहीर लागते.”

फेरचाचणीच्या अटी पानभर होत्या. उपसा सलग चोवीस तास चालला पाहिजे. त्यात खंड पडता कामा नये. पंपातून पडणारं पाणी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सारखं असलं पाहिजे. उपसलेलं पाणी विहिरीपासून तीनशे मीटर लांब नेऊन सोडलं पाहिजे, नाहीतर ते परत झिरपून निकाल बिघडवतं. या सगळ्या अटी शास्त्रीय आहेत. मी स्वतः त्या वर्गात शिकवल्या आहेत.

महाविद्यालयानं फेरचाचणीला लगेच मान्यता दिली, कारण ती मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षेतच बसवता येत होती. वीज देणाऱ्यांनी एक दिवस खास लाईन दिली. घोणसवाडीला तिच्या इतिहासात पहिल्यांदा सलग वीज मिळाली आणि गिरणीवर सकाळपासून दळणाची रांग लागली. मी सोळा मुलांना घेऊन गेले. कस्तुराबाई विहिरीच्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“नाक सरांचं हाय,” त्या म्हणाल्या. “आता डोकं कुणाचं हाय ते बघू.”

बिराप्पानं हँडलवर हात ठेवला. “मॅडम, घड्याळ लवकर लावा. न्हायतर इहीर तुमच्या आदी उठून जाईल.”

“तू गप रं. मोटारीपरीस तुझंच तोंड जास्ती चालतंय,” कस्तुराबाई म्हणाल्या. “अन् ती बी कवा कवा दम खाती, तू न्हाय.”

मुलं हसली. मोटार चालू झाली. आरोही मिनिटं मोजत होती, करिश्मा पाइपच्या टोकाशी बसून पाणी किती पडतंय ते बघत होती, बाकीचे पातळी घेत होते. बाविसाव्या मिनिटाला पंपानं हवा ओढली. आत चिखल, दोन प्लास्टिकच्या बाटल्या आणि कधीतरी पडलेली कळशी दिसायला लागली.

“ही माझी कळशी!” कस्तुराबाई ओरडल्या. “दोन वर्षं झाली हिला. बिराप्पा, तूच म्हंलास ना की चोरानं नेली?”

बिराप्पा म्हणाला, “मी चोर म्हंलो, इहीर चोर न्हाय असं कुटं म्हंलो?”

मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. विहीर बावीस मिनिटांत कोरडी पडते हे सोळा साक्षीदारांसमोर सिद्ध झालं होतं, लाईट न जाता. आम्ही आकडे भरले आणि संध्याकाळच्या आत पाठवले. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. इतकं तत्पर उत्तर मी त्या कार्यालयाकडून आधी पाहिलं नव्हतं.

‘चाचणीचा कालावधी बावीस मिनिटे. आवश्यक कालावधी एक हजार चारशे चाळीस मिनिटे. सबब चाचणी अपूर्ण. पूर्वीचा निष्कर्ष कायम.’

मी पुन्हा साहेबांसमोर बसले.

“साहेब, विहीर कोरडी पडली, म्हणून चाचणी थांबली.”

“का थांबली हा वेगळा विषय. थांबली की नाही?”

“थांबली.”

“तुम्ही शिक्षिका आहात. बावीस मिनिटांत पेपर टाकून उठलेल्या मुलाला तुम्ही पास करता का?”

“नाही. नापास करते. विहिरीलाही नापास करा.”

“नापास करायला पेपर पूर्ण व्हावा लागतो,” साहेब म्हणाले. “अपूर्ण पेपरला अनुपस्थित म्हणतात. अनुपस्थित विहिरीचा आधीचा निकाल आम्ही ग्राह्य धरतो.”

त्यांनी जारमधून माझ्यासाठी पेलाभर पाणी ओतलं. ऊन फार होतं. मी ते प्यायले.

इकडे महाविद्यालयात दुसरंच संकट उभं राहिलं. फेरचाचणी हीच प्रात्यक्षिक परीक्षा असल्यामुळे सोळा मुलांची प्रात्यक्षिक परीक्षाही अपूर्ण ठरली होती. त्यांचे निकाल अडकणार होते. दोन मुलींचे पालक प्राचार्यांच्या दारात येऊन बसले. प्राचार्यांनी तातडीची बैठक बोलावली आणि तिच्यात इंद्रजित सरांना उपाय सुचला.

“विहिरीला मदत करायची,” ते म्हणाले.

“कशाची?” प्राचार्यांनी विचारलं.

“पाण्याची. पंप जेवढं उपसेल तेवढं वरून सोडत राहायचं. म्हणजे उपसा चोवीस तास चालेल, चाचणी पूर्ण होईल, मुलांचा निकाल लागेल. आणि मॅडम, तुमची हरकतही त्याशिवाय ऐकली जाणार नाही. वाडीचा फायदा तुम्हालाच बघायचाय ना?”

मी विरोध केला. विरोधाची नोंद घेण्यात आली. कुठे घेतली ते मला दाखवण्यात आलं नाही. पण चाचणी पूर्ण झाल्याशिवाय हरकत नाही आणि हरकतीशिवाय टँकर नाही, हे दोन्ही खरं होतं. त्यांच्या मधोमध उभं राहून विचार केला तर इंद्रजित सरांचं म्हणणं पटत होतं. मला ते पटलं, हे मी इथे लपवत नाही.

वीज देणाऱ्यांनी पुन्हा खास लाईन दिली, तालुक्याच्या कार्यालयानं टँकर दिले. लोकांसाठी टँकर बंद होते, शास्त्रासाठी नव्हते. चाचणीच्या दिवशी सकाळपासून सास्तूरच्या रस्त्यावर टँकरची रांग लागली. एक आत रिकामा होई, तोवर दुसरा मागं सरकून उभा राही. बिराप्पा हात दाखवून त्यांना विहिरीच्या कडेला लावत होता. नोकरीतलं हे त्याचं सगळ्यांत मोठं काम होतं आणि त्यानं त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वरून पाणी पडत होतं, खालून पंप ओढत होता. पातळी जागची हलत नव्हती. उपसलेलं पाणी नियमाप्रमाणे तीनशे मीटर लांब पाइपनं नेऊन गावाच्या खालच्या ओढ्यात सोडलं होतं. पाइपच्या टोकाला करिश्मा वही घेऊन बसली होती. मुलांनी पाळ्या लावल्या. मी जेवणाचे डबे, बॅटऱ्या, वह्या यांची व्यवस्था पाहिली. इंद्रजित सरांनी येऊन टँकरसोबत छायाचित्रं काढली. चोवीस तासांत एकाही आकड्यात खाडाखोड झाली नाही. इतकी शिस्तबद्ध चाचणी अण्णांनाही कधी घेता आली नव्हती.

एकूण शहाऐंशी टँकर विहिरीत रिकामे झाले. हा आकडा मीच मोजला. तेवढं माझं काम होतं.

आलेखावर चोवीस तासांची एक आडवी रेषा आली, पट्टीनं मारल्यासारखी. पुस्तकातल्या वक्राशी ती कुठेही ठेवली तरी जुळत होती. अहवाल मी तयार केला आणि त्यात टँकरची संख्या स्पष्ट लिहिली. गोरोबाकाकांनी तो पोर्टलवर भरला तेव्हा टँकरची संख्या घेणारा रकाना नव्हता, म्हणून ती राहून गेली. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला सहीचा अधिकार नसतो. त्यामुळे नोंदी माझ्या राहिल्या आणि सही अण्णांनी केली.

हरकत ऐकण्यात आली. निकाल असा होता की ‘फेरचाचणीत स्रोत पूर्वीपेक्षा अधिक सक्षम आढळला, सबब टँकरची आवश्यकता नाही.’ साहेबांनी मला फोन करून अभिनंदन केलं. त्यांच्या माहितीप्रमाणे तालुक्यातली ही पहिलीच विहीर होती, जी उन्हाळ्यात चोवीस तास चालली. तिला आदर्श स्रोत म्हणून सुचवण्याचा त्यांचा विचार होता. दोन्हींना, ते म्हणाले. जुन्या जिल्ह्यातल्या आणि नव्या जिल्ह्यातल्या.

कस्तुराबाईंचा फोन त्या आठवड्यात आला नाही. मी केला तर कोणी उचलला नाही.

अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका काढण्याचं काम तासिकेवरच्या शिक्षकाकडे असतं. मी पाच प्रश्न काढले. चार नेहमीचे होते. पाचवा असा होता, ‘फेरचाचणीच्या चोवीस तासांत शहाऐंशी टँकर पाणी विहिरीत ओतण्यात आले. त्या चोवीस तासांत घोणसवाडीतील लोक कोणते पाणी प्याले? थोडक्यात लिहा.’

हा प्रश्न काढताना मला दोन तास लागले. चाचणीच्या दिवशी मी सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत तिथं होते, आणि तो मला तेव्हा पडला नव्हता.

चौदा मुलांनी पाचवा प्रश्न सोडून दिला. त्यांतल्या चौघांनी समोर आडवी रेघ मारली. आरोहीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘माहिती उपलब्ध नाही.’ उत्तर एकट्या करिश्मानं लिहिलं, तीन ओळींत. ‘ओढ्यातलं. ओढ्यात गावाची गटारं येतात. बायका चिखलातून वाटीनं भरून पातळाच्या पदरातून गाळत होत्या. मी पाइपपाशी होते, त्यांनी मला थेट पाइपखाली हंडा लावू का विचारलं. मी म्हटलं, मोजमाप चुकेल. कस्तुराबाईंना तीन सलाईन लागल्या.’

मी तिला दहापैकी दहा दिले. गुण देताना मला हे माहीत होतं की तिला ‘मोजमाप चुकेल’ हे मी शिकवलं आहे.

उत्तरपत्रिका फेरतपासणी समितीकडे गेल्या. समितीचं पत्र चार दिवसांनी आलं. पाचव्या प्रश्नाचं आदर्श उत्तर विभागाकडे उपलब्ध नसल्यामुळे तो प्रश्न रद्द करण्यात येत आहे. विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून त्याचे पूर्ण गुण सर्वांना सरसकट देण्यात येत आहेत. ज्यांनी तो सोडवला त्यांना, सोडून दिला त्यांना, आणि ज्यांच्या तो लक्षातच आला नाही त्यांनाही.

तेव्हा इथवर वाचताना, टँकर एकामागून एक विहिरीत रिकामे होत होते तिथं तुम्ही हसला असाल आणि हा प्रश्न तुम्हाला पडला नसेल, तर मनाला लावून घेऊ नका. मी समितीला विचारून घेतलं आहे. दहापैकी दहा तुम्हालाही आहेत.